सातवं सोंग

नाशिकरोड,
९ जानेवारी २००५

धनाभाऊ,

रामराम. मला एक किल्ला फुकट मिळाला, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नाही. आज दुकान उघडायच्या आधी बसून त्याची खरी किंमत काढली. चष्म्याचा नंबर अर्ध्याने वाढला. इंटरनेट चालू असलं की दुकानाचा फोन लागत नाही, त्यामुळे सासूबाईंचा निरोप पोचला नाही आणि त्या नागलीच्या पापडांचा डबा मांडीवर घेऊन सीबीएस स्टँडवर दुपारभर बसून राहिल्या. आशा त्यावर मला एक शब्द बोलली नाही, आणि तोच सगळ्यात मोठा खर्च. वर एक विम्याचा एजंट, रोजचं गिऱ्हाईक, कायमचं गेलं. मला लिहिता लिहिता मोठ्याने वाचायची सवय आहे. त्याच्या कानाशी मी म्हणालो, "तुझं मुंडकं कोटाच्या दारावर टांगीन." तो उठला तो उठलाच.

तू विचारलंस, किल्ला आहे कुठे. कुठेच नाही. पुण्याच्या एका माणसाने इंटरनेटवर 'नवखंड' नावाचा खेळ मांडलाय. त्यात चित्रं नाहीत, गोळीबार नाही. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगाने काय केलं, काय म्हटलं ते लिहायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. समोरचा त्याला लिहून उत्तर देतो. कोणाचा वार लागला, कोणाचा हुकला, ते पुण्याचा माणूस ठरवतो. त्याला सगळे पंच म्हणतात. म्हणजे आपला मुखवट्यांचा बोहाडाच समज, फक्त सांबळ वाजत नाही, टेंभ्यांचा उजेड नाही, आणि एक नाचणारा अकोल्यात तर दुसरा सांगलीत.

तिथे राजे आणि वीर व्हायला ही झुंबड. राक्षसांचा गट कोणी चालवेना, तो मी उभा केला. नाव पाताळसभा. मी घोरमुख, सभेचा मुख्य. किल्ल्याचं नाव काळकोट. अकरा सभासद आहेत, आणि भाऊ, अकरा बैल एका दावणीला बांधणं सोपं. प्रत्येकाला मुख्य व्हायचंय. विश्वासघात करणं हे सोंगाचंच काम, मग सभासदावर विश्वास ठेवायचा कसा? दोन महिन्यांत मला गादीवरून ओढायचे दोन कट झाले. त्यातला एक मीच रचला होता, कोण कोण सामील होतं ते बघायला. चौघे झाले.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच. आम्ही जिंकत राहिलो तर वीर रडतात आणि खेळ सोडून जातात. आम्ही हरत राहिलो तर माझे लोक सोडून जातात. पंच तर म्हणतो, "भोये, तुमच्या लोकांची फार कटकट आहे. राक्षस यंत्रालाच चालवू द्या. यंत्र रुसत नाही." मला ते सोसवत नाही. पंधराव्या वर्षी द्राक्षाच्या बागेत आलो, मग एसटीडी बूथवर बसलो. काचेमागे लोक बोलायचे आणि मी ऐकायचो. खोटं बोलणारा आधी खाकरतो. अडचणीतला आधी दुसऱ्याची तब्येत विचारतो. त्या कानांवर दुकान उभं राहिलं, सहा कॉम्प्युटर झाले. पण दुकान काय, कोणीही काढतं. ही सभा मात्र मी नसत्यातून उभी केली. ती यंत्राला देणार नाही.

तू इतकी वर्षं म्हैसासुराचं सोंग नाचवतोस. दर वर्षी मरायचं ठरलेलं असताना माणूस जीव लावून नाचतो कसा, एवढंच मला सांग.

तुझा,
हिरामण

*

आंबेपाडा, ता. पेठ
२१ जानेवारी

हिरामणास आशीर्वाद.

पत्र पावलं. भिमाबाईला वाचून दाखवलं तर ती म्हणे, "भाऊजी शहरात जाऊन राक्षस झाले, हे इथं राहूनबी जमलं असतं." सासूला बस स्टँडवर बसवलंस ते लय वाईट केलंस. आशाला साडी घे आणि गप बस. खुलासा करू नको.

आता तुझं. तू विचारतोस मरणारा जीव लावून का नाचतो. अरे, देवीला कोणी बघायला येत नाय. देवी जिंकणार हे पोरासोरालाबी ठाव हाय. लोक येतात ते म्हैसासुर किती वेळ टिकतो ते बघायला. मी पडलो की लोक चटई झटकून घरी जातात. म्हणजे बोहाडा कोणाचा झाला? तूच सांग.

आपल्या पाड्यावरचे नेम तू विसरलास वाटतं, लवकर गेलास ना. लिहून देतो, तुझ्या अकरा बैलांना वाच. सोंग चढवायच्या आधी राक्षस आणि देवी एका ताटात जेवतात. ताटात रुसवा आला तर त्या रात्री सोंग निघत नाय. एक. मुखवटा ज्याच्या घरचा, त्यानंच चढवायचा. दुसऱ्याच्या सोंगात आपलं तोंड घालायचं नाय, तो आजारी असला तरी. दोन. आणि मुखवटा उतरला की त्याला पाटावर ठेवून पाणी दाखवायचं, आणि मग घरी जायचं. चढवलेल्या सोंगानं घरी गेलेला माणूस बायकोला ओळखू येत नाय.

बाकी मरायचं म्हणशील तर मरणं ही कला हाय. इतक्या वर्षांत मला माझ्या मर्जीशिवाय एकाबी देवीनं मारलं नाय. गेल्या साली सांबळवाला म्हणाला, "धनाजी, पड रे आता, माझे हात गेले." तरी मी दोन फेरे अजून घेतले. गुडघ्यावर आलो, उठलो, पुन्हा आलो, सगळ्यांना चार गोष्टी सुनावल्या आणि मग पडलो. तुझ्या त्या पुणेवाल्याला म्हणावं, यंत्राला हे जमल का?

धनराज

*

नाशिकरोड,
८ फेब्रुवारी

धनाभाऊ,

तुझे नेम सभेला वाचून दाखवले. एका ताटात जेवण अकोला-सांगलीला जमत नाही, म्हणून आम्ही वेगळं काढलं: लढाईच्या आधी दोन्हीकडच्यांनी आज घरी काय खाल्लं ते लिहायचं. हसू नको. वीरांची पुढारी राणी सुवर्णा, तिने 'मेथीची भाजी, भाकरी, ठेचा' लिहिलं आणि माझ्या विषकंठाने 'हॉस्टेलची पातळ डाळ'. त्यानंतर दोघांची जी जुंपली ती बघण्यासारखी होती, आणि कोणी कोणावर रुसलं नाही.

राणी म्हणजे कळवणची संध्या देवरे. कांद्याच्या एका आडतीवर हिशेब लिहिते आणि काम सुटलं की तिथल्या कॅफेत येऊन खेळते. हुशार बाई आहे.

आता वाईट बातमी. परीक्षा आल्या. विषकंठ सोडून हॉस्टेलवाले एकेक करून गेले, एकाचं लग्न ठरलं, एकाच्या घरचं कनेक्शन तुटलं. अकराचे सात राहिले. आणि पंचाने नेमका आता नियम काढला: मार्चअखेरीस काळकोटाला मोठा वेढा पडणार, तो चैत्रभर चालणार. वेढ्याच्या पहिल्या दिवशी सात सोंगं कोटात उभी हवीत आणि शेवटपर्यंत एकानेही खेळ टाकून जाता कामा नये. लढून पडलं तर पडलं, कोट गेला तरी सभा राहील. पण एक जरी पळाला किंवा गप्प बसून गायब झाला, तर सभा पुसली आणि राक्षस यंत्राकडे. सातात सात. एकही शिल्लक नाही.

मी घाबरलेलो नाही, कारण माझ्याकडे कालकेतू आहे. भाऊ, काय लिहितो. त्याने एक ओळ टाकली की समोरचे दोन दिवस उत्तर शोधतात. त्याच्या एकट्याच्या भीतीवर अर्धा कोट उभा आहे. थोडा तापट आहे. खेळाबाहेर कोणाला काही बोलला अशी कुणकुण आली होती, पण ते असं असतंच, माणसं खेळात रंगतात. मी त्याला समजावलंय.

तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा? म्हशीने दूध दिलं का पुन्हा?

हिरामण

*

आंबेपाडा
१९ फेब्रुवारी

हिऱ्या,

म्हैस बरी हाय. गुडघा बरा हाय. अडचणीतला माणूस आधी दुसऱ्याची तब्येत विचारतो, हे तूच मागच्या पत्रात लिहिलंस. तू आजपर्यंत माझ्या म्हशीची कधी चौकशी केली नाय.

हा कालकेतू कोणाला काय बोलला?

तू सांगणार नाय, म्हणून मीच एक सांगतो. तू बागेत गेलास त्याच्या पुढच्या साली म्हैसासुराचा मुखवटा पुंजाच्या घरचा होता, माझ्या नाय. पुंजासारखा नाचणारा मी तरी पाह्यला नाय. मीबी त्याच्यासारखा नाय, हे कागदावर लिहितोय, कोणाला दाखवू नको. त्या साली देवीचं सोंग भिकनचं. दोघांचा बांधाचा वाद. ताटात दोघं जेवले खरे, पण पुंजानं घास नुसता चिवडला. मी बघितलं. म्हातारे बघत होते. कोणी बोललं नाय, कारण पुंजावाचून बोहाडा कसा? आणि तिसऱ्या फेऱ्याला पुंजानं लाकडी तलवार फिरवली ती सोंगाची नाय, बांधाची. भिकनच्या गळ्याचं हाड मोडलं. लोकांना वाटलं खेळ हाय. टाळ्या पडत होत्या.

म्हाताऱ्यांनी सांबळ थांबवलं. भर फेऱ्यात पुंजाचा मुखवटा उतरवला. त्या साली म्हैसासुर पाटावर ठेवला आणि दुसरी देवी त्याच्याभवती फिरली. बोहाडा अर्धा झाला म्हणून लोकांनी लय नावं ठेवली, पण झाला. पुंजाला पुढच्या साली टेंभा धरायला बोलावला. आला. मान खाली घालून आला, पण आला.

पुंजाचा दोष होताच. पण चिवडलेला घास बघून गप बसले त्यांचं काय? मी त्यातलाच एक, म्हणून तुला विचारतो. तुझ्या ताटात कोणी घास चिवडतंय का?

धनराज

*

नाशिकरोड,
६ मार्च

धनाभाऊ,

पत्राला उशीर झाला. आता सगळं लिहितो.

कुणकुण नव्हती, मला माहीत होतं. संध्याबाईंनी कधीतरी गप्पांत कालकेतूला आडतीचं नाव सांगितलं होतं. एका लढाईत तो त्यांच्याकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी आडतीवर फोन. हमाल, व्यापारी, सगळ्यांसमोर त्यांना फोनवर बोलावलं आणि म्हणाला, "राणीसाहेब, तुमची साडेपाचची बस मला माहीत आहे." त्यांनी पंचाला न सांगता आधी मला कळवलं होतं. मी त्यांना लिहिलं, "त्याला समजावतो." आणि तुला लिहिलं, रंगतात माणसं. सात मोजत होतो मी.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात त्यांचा दुकानात फोन आला. मी विचारलं, "ताई, पुन्हा काही झालं का?"

"झालं. दोन दिवस मी बस बदलून घरी जातेय. भोयेदादा, मी तुमच्या सभेवर तक्रार करत नाही. पंचाला एक ओळ लिहिली तर तो कालकेतूला काढेल, तुमचे सात पुरे होणार नाहीत आणि सभा पुसली जाईल, हे मला ठाऊक आहे. पण मला राक्षसांशी खेळायला आवडतं. यंत्राशी खेळायला मी कशाला पदर खोचून बसू? तुम्ही काय करताय तेवढं सांगा."

मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत सांगतो."

कालकेतूने सभेत नाव नोंदवताना दिलेला नंबर माझ्याकडे होता. लावला. आवाज तरणा, गुळगुळीत. मी सरळ विचारलं.

तो हसला. "अहो, खलनायक आहे ना मी? भूमिकेत होतो."

"भूमिका कळवणच्या बसमध्ये बसत नाही."

"घोरमुख, तुम्हीसुद्धा? तुम्हीच म्हणता, भीती वाटली पाहिजे."

"राणीला वाटली पाहिजे. संध्या देवरेला नाही."

मग तो खाकरला. मी ओळखलं, आता काय येणार. "बघा, मी नसलो तर तुमचे सहा राहतात. वेढा तीन आठवड्यांवर आलाय. मोजता येतं ना?"

"येतं," मी म्हणालो. "मुखवटा खाली ठेव. वर्षभराने टेंभा धरायला ये, जागा ठेवतो."

त्याने फोन आपटला. टेंभा म्हणजे काय हे त्याला कळलं नसावं.

त्याच दुपारी मी त्याचं नाव सभेतून काढलं, कारण सगळ्यांसमोर लिहिलं आणि पंचालाही कळवलं. त्याचा नंबर संध्याबाईंना दिला. त्या भावाला घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. तेव्हापासून फोन नाही. हे मी महिनाभर आधी करायला हवं होतं.

आता सहा उरले. पंच म्हणाला, "सातव्या जागी यंत्र बसवतो, तुमची सोय होईल." मी नको म्हटलं. सातवा माणूसच असणार. नवीन पोरांपैकी कोणाला घेतलं तर तो पहिल्या वाराला पळेल. मला असा माणूस हवा ज्याला मरायची भीती नाही आणि पळायची लाज आहे.

भाऊ, सातवं सोंग तू घे. तुला कॉम्प्युटर लागणार नाही. खेळ हळू चालतो, एका डावाला आठवडा मिळतो. राक्षस काय करतो, काय बोलतो, ते तू पत्रात लिही. मी शब्द न बदलता टाइप करीन. नाही म्हणू नको.

हिरामण

*

आंबेपाडा
१४ मार्च

हिरामण,

नाय म्हणतो कोण? भिमाबाई म्हणे, "घरचा म्हैसासुर पुरेना, आता तारेवरबी नाचणार." मी म्हटलं, नाचणार.

माझ्या अटी. सोंगाचं नाव मी ठेवणार: डोंगरखाया. मी सांगतो त्यातला शब्द तू बदलायचा नाय, आणि मी सांगितल्याशिवाय माझ्या सोंगाच्या तोंडात शब्द घालायचा नाय. मुखवटा माझ्या घरचा. तिसरं, माझं मरण मी लिहिणार. घाईत मरणार नाय. चांगली दोन पानं घेईन.

डोंगरखाया कोटात आला, असं लिही. तो दारातनं आला नाय, मागच्या कड्यावरनं आला. कोणाशी बोलला नाय. सातव्या बुरजावर बसला आणि तिथला एक दगड फोडून खाल्ला. तेवढंच लिही. लय बोलणारा राक्षस पोरांना हसवतो.

जेवलो ते: नागलीची भाकर, उडदाचं बेसन.

धनराज

*

नाशिकरोड,
२९ मार्च

धनाभाऊ,

काय केलंस हे. दगड खाल्लेली ओळ टाकली आणि नवखंडात खळबळ. वीरांनी त्याला सात वेळा विचारलं, तू कोण, कोणाच्या बाजूचा. टपाल यायला आठ दिवस लागले, तोपर्यंत डोंगरखाया गप्प. त्यांना वाटलं हा डाव आहे. राणीच्या छावणीत रात्रीचा पहारा दुप्पट झाला. कोणी लिहिलं, "हा बोलत का नाही?" दुसऱ्याने लिहिलं, "तो चावतोय." मग तुझं पत्र आलं, त्यात काय, तर "दुसरा दगड घेतला." भाऊ, आमच्या सभेतल्या सांगलीच्या डॉक्टरने मला विचारलं, हा नवीन माणूस कुठल्या नाटक कंपनीत होता.

पंचाला मात्र संशय आला. म्हणाला, "भोये, हा सातवा तुम्हीच आहात. एक माणूस दोन सोंगं घेतो हे चालणार नाही." मी तुझी पत्रं पाकिटासकट पुण्याला पाठवली, पेठच्या शिक्क्यासह. त्याचं उत्तर आलं: "माणूस खरा आहे. अक्षर भयंकर आहे. मान्य." पत्रं त्याने परत केली नाहीत, आवडली म्हणाला.

शेवटचा हल्ला रविवार, २४ एप्रिल. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येक सोंगाने आपला शेवटचा डाव लिहायला हवा. सहानंतर जो गप्प, तो पळाला असं धरणार. म्हणून तुझं मरण १५ तारखेपर्यंत टाक, म्हणजे टपालाला वेळ मिळेल. कोट पडणार हे नक्की आहे, ते बारा आणि आम्ही सात. मला फक्त सात जण उभे राहून पडलेले हवेत.

हिरामण

*

(पोस्टकार्ड)

नाशिकरोड, १४ एप्रिल

धनाभाऊ, तुझं काही आलं नाही. बोहाड्याच्या गडबडीत असशील. मरण ताबडतोब पाठव. चार ओळी पुरेत. हि.

*

आंबेपाडा
२० एप्रिल

हिरामण,

कार्ड पावलं. पोस्टमन मंगळू ते हातात देताना म्हणे, "धनाजी, तुमचा भाऊ तुमचं मरण मागतोय, घरात काय भांडण हाय का?" साऱ्या पाड्यावर झालं. शेजारची चिमणाबाई रडत आली, तिला समजवता दुपार गेली.

उशीर झाला खरा. बोहाडा तीन दिवस चालला, मग अंग मोडून आलं. आणि चार ओळी पुरेत असं तू लिहितोस, ते मला लागलं. चार ओळीत कोंबडं मरतं. सोबत दोन पानं जोडलीत, दोन्ही अंगांनी लिहिलेली. नीट वाच. पहिला भाला लागतो तेव्हा डोंगरखाया हसतो. दुसरा लागतो तेव्हा तो कोटाच्या सगळ्या बुरजांची नावं घेतो. मग गुडघ्यावर येतो, उठतो. मग राणीला सांगतो, की बाई, तू जिंकलीस, पण उद्या सकाळी तुला सगळे डोंगर सारखेच दिसतील आणि त्यातला मी कोणता ते कळणार नाय. मग पडतो. पडताना त्याच्या तोंडातनं खाल्लेले दगड बाहेर येतात आणि त्याचीच नवी टेकडी होते. हे मला म्हशी चारताना सुचलं, भिमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

इतक्या वर्षांत असं मरण मी एकदाबी मेलो नाय. राणीला म्हणावं, घाई करू नको, डोंगरखाया त्याच्या वेळेनं जाईल. पत्र मंगळूच्या हातात आजच देतो.

धनराज

*

नाशिकरोड,
२७ एप्रिल

धनाभाऊ,

सभा टिकली. हे आधी सांगतो म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

शनिवारपर्यंत तुझं पत्र नव्हतं. पेठच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप दिला, तर तो म्हणाला, "तुमचा पाडा रस्त्यापासून आत आहे, मी गाडी सोडून चालत जाऊ का?" रविवारी सकाळी दुकान बंद ठेवलं. आशाने विचारलं, "आज कोण मरणारे?" मी म्हटलं, सगळेच. तिने चहा आणून ठेवला आणि बाजूच्या खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच.

दुपारपर्यंत आमचे पाच पडले. विषकंठ हॉस्टेलमधून लिहीत होता. उद्या पेपर आहे म्हणाला, पण उभा राहिला. डॉक्टर दवाखान्यात पेशंट थांबवून मेला. चारच्या सुमारास मी पडलो. घोरमुख दारातच पडला, पाठीवर वार नाही. राहिला डोंगरखाया, सातव्या बुरजावर, गप्प.

पाच वाजता पंचाचा फोन आला. "भोये, तो सातवा लिहिणार आहे का नाही? एक तास उरलाय."

"टपाल आलं नाही."

"मग तुम्हीच लिहा काहीतरी. त्याच्यासारखं. एक दगड खाल्ला म्हणा. कोणाला कळणारे?"

भाऊ, मला जमलं असतं. तुझा आवाज माझ्या कानात लहानपणापासून आहे, तुझ्यासारख्या चार ओळी मी झोपेत लिहीन. बोटं कळांवर होती. आशा म्हणाली, "लिहा ना." मी तिला तुझी अट सांगितली. मुखवटा तुझ्या घरचा आहे. कालकेतूला मी नेमासाठी काढलं आणि नेमासाठीच सहा झालो. आता सातासाठी नेम मोडला असता तर त्याला काढलं कशाला होतं?

"मी लिहिणार नाही," मी पंचाला म्हणालो. "सहा वाजू देत."

"सभा जाईल."

"जाईल."

फोन ठेवला. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. सहा जण पडलेले, एक गप्प उभा. वीर एकमेकांना लिहीत होते, थांबा, सहा वाजले की तो आपोआप पळाला ठरेल, आपल्याला हात लावायची गरज नाही. त्यांचं बरोबर होतं. थांबले असते तर फुकटात जिंकले असते, आणि पुढच्या चैत्रात समोर यंत्र मिळालं असतं.

सहाला थोडा वेळ असताना राणीचा डाव आला. ती एकटी बुरजावर चढली. पंचाने वार लागला असं दिलं. म्हणजे सातवा पळाला नाही, जागेवर लढाईत पडला. सात सोंगं, सातही कोटात. सभा कायम, असं पंचाने स्वतः लिहिलं. पुढच्या वर्षी किल्ला नवा शोधायचा आहे, आणि आत्तापासून चौघांनी मुख्य व्हायचं म्हणून अर्ज केलेत. एकाला मी कट करायला सांगितलंय.

संध्याबाईंना फोन करून आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "आभार कसले? मला तो माणूस पुढच्या वर्षी परत हवाय. आणि भोयेदादा, मी आता पुन्हा साडेपाचच्याच बसने जाते."

तेव्हा पुढच्या वर्षी तू आहेसच. आशा म्हणते, भाऊजींना बोहाडा संपला की इथे घेऊन या, टपालाच्या भरवशावर ठेवू नका.

तुझी दोन पानं काल, मंगळवारी दुपारी आली. मी ती आशाला मोठ्याने वाचून दाखवली. दगडांची टेकडी होते तिथे तीही थांबली. सभेला पाठवू का, ते तू सांग, तुझ्या हुकमाशिवाय पाठवणार नाही. खेळात ती आता जात नाहीत. तिथे राणीने रविवारी लिहिलं, "राणीने सातव्यावर भाला टाकला, तो पडला," आणि तू तेवढ्यातच मेलास.

तुझा,
हिरामण